सुल्ह गेला, तास राहिला

सन ८७६. इंग्लंडच्या उत्तरेकडचं नॉर्थम्ब्रियाचं राज्य दहा वर्षांपासून डेनिश फौजांच्या टाचेखाली होतं. ८६५ मध्ये जहाजांतून उतरलेलं हे सैन्य मठ लुटत, खंडणी वसूल करत गावोगाव फिरलं होतं. त्या वर्षी मात्र त्यांचा सरदार हाफडान यानं वेगळंच केलं. त्यानं जमीन वाटून दिली. दक्षिणेत आल्फ्रेड राजाच्या काळात जी वर्षवार बखर लिहिली गेली, त्या 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल'मध्ये याची नोंद जेमतेम एका वाक्याची आहे: हाफडाननं नॉर्थम्ब्रियाची भूमी वाटली आणि ते लोक नांगरू लागले, आपलं पोट भरू लागले.

लढाया, वेढे आणि राजांचे मृत्यू यांनी भरलेल्या त्या बखरीत हे वाक्य वाचलं की मी थांबतो. तलवार ठेवून माणसं औतामागे उभी राहिली, एवढंच त्यात आहे. पण इंग्रजीत नांगराला आज जे नाव आहे, ते या वाटणीशिवाय रुजलं नसतं असं मला वाटतं.

बखरकारानं 'नांगरणं' यासाठी 'एरियन' हे क्रियापद वापरलं. लॅटिन 'अरारे'चं ते भावंड. आणि ज्यानं नांगरायचं त्या अवजाराला त्याच्या भाषेत 'सुल्ह' म्हणत. शेवटचा 'ह' घशातून, जवळजवळ 'ख'सारखा. आजच्या इंग्रजाला या शब्दाचा अर्थ विचारला तर तो गोंधळेल. त्याच्यासाठी नांगर म्हणजे 'प्लाउ'.

सुल्ह हा काही पुस्तकी शब्द नव्हता. तो चिखलातला होता. डॉर्सेट परगण्यातल्या सर्न इथल्या मठात दहाव्या शतकाच्या अखेरीस एल्फ्रिक नावाचा भिक्षू मुलांना लॅटिन शिकवत असे. व्याकरण घोकून मुलं कंटाळतात हे त्याला ठाऊक असावं. त्यानं एक संवाद रचला. गुरू प्रश्न विचारतो आणि मुलं वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं होऊन उत्तरं देतात: मेंढपाळ, कोळी, शिकारी, व्यापारी. या सगळ्यांत आधी बोलतो तो नांगऱ्या.

तो सांगतो की झुंजूमुंजू होताच आपण निघतो, बैल रानात नेतो आणि जुंपतो. थंडी कितीही कडक असो, धन्याच्या भीतीनं घरी दडून राहता येत नाही. फाळ आणि सुरी बसवून दिवसाकाठी पुरा एकर, नाहीतर जास्तच, नांगरावा लागतो. सोबत एक पोरगा असतो. तो लोखंडी टोकाच्या पराणीनं बैल हाकतो. गारठ्यानं आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसलेला असतो. औत सोडल्यावरही सुटका नाही. बैलांना वैरण घालायची, पाणी दाखवायचं, शेण बाहेर टाकायचं. गुरू म्हणतो, फार कष्टाचं काम आहे हे. नांगऱ्या म्हणतो, हो, कष्टाचंच, कारण मी स्वतंत्र नाही.

शाळेच्या पाठात, लॅटिनच्या सरावासाठी, एका शिक्षकानं गुलाम नांगऱ्याच्या तोंडी हे वाक्य घातलं. हजार वर्षांनी वाचतानाही ते जड जातं. त्या संवादाच्या एका हस्तलिखितात लॅटिन ओळींच्या वर कोणीतरी बारीक अक्षरात जुन्या इंग्रजीतले अर्थ लिहून ठेवले आहेत. नांगराला बैल जुंपल्याचं जिथे येतं, तिथे वर लिहिलेला शब्द सुल्हचंच एक रूप आहे. सन १००० च्या आसपास डॉर्सेटच्या रानात नांगराला दुसरं नाव नव्हतं.

सुल्हच्या मुळाशी 'ओढणं' हा अर्थ आहे. लॅटिनमध्ये नांगराच्या तासाला 'सुल्कुस' म्हणतात, तो याच कुळातला. जे ओढलं जातं ते सुल्ह, आणि ओढल्यानं जी रेघ पडते ती सुल्कुस. संस्कृतातला 'कृष्' धातू आठवून पाहा. त्याचाही मूळ अर्थ ओढणं हाच आहे. आकर्षण त्यातून आलं आणि कृषीही त्यातूनच आली. सुल्ह आणि कृष् यांचं शब्द म्हणून एकमेकांशी नातं नाही. पण हजारो मैल दूर असलेल्या दोन शेतकरी समाजांना नांगराकडे पाहून आधी सुचलं ते एकच: हे ओढायचं काम आहे. बैलाच्या खांद्याकडून पाहिलं तर तसंच दिसतं.

सुल्हला धार्मिक मानही होता. रानाची पिकण्याची शक्ती गेली, कुणी करणी केली असं वाटलं, तर करायचा एक विधी जुन्या इंग्रजीत लिहिलेला सापडतो. पहाटेपूर्वी शेताच्या चार बाजूंची चार ढेकळं गवतासकट काढायची. त्यांवर तेल, मध, यीस्ट आणि त्या रानात चरणाऱ्या सगळ्या गुरांचं दूध घालायचं. मग ती चर्चमध्ये नेऊन त्यांवर प्रार्थना म्हणवायच्या आणि सूर्य मावळण्याआधी जागच्या जागी परत ठेवायची. नंतर भिक्षेकऱ्यांकडून अनोळखी बी घ्यायचं आणि त्यांना त्याच्या दुप्पट द्यायचं. नांगराच्या लाकडाला भोक पाडून त्यात धूप, बडीशेप, मंतरलेला साबण आणि मीठ भरायचं. ते बी सुल्हच्या अंगावर ठेवायचं आणि पृथ्वीमातेला हाक मारायची. ख्रिस्ती धर्म येऊन चारशे वर्षं होत आली होती, तरी शेताच्या बांधावर आई ती आईच होती. दसऱ्याला औतकाठीला हळदकुंकू वाहणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही.

असा मुरलेला शब्द गेला कसा? त्याच्या जागी आलेल्या 'प्लाउ'चं मूळ शोधायला गेलं की पहिलं अक्षरच अडवतं. इंग्रजी, जर्मन, डॅनिश या भाषांच्या कुळात मूळचा 'प' फार पूर्वी 'फ' झाला. आपल्याकडे पितृ, तिकडे फादर. आपला पाद, त्यांचा फूट. आपले पाच, त्यांचे फाइव्ह. नांगराच्या तासाला इंग्रजीत 'फरो' म्हणतात, त्याचा लॅटिन भाऊ 'पोर्का', म्हणजे वरंबा. तिथेही प चा फ झालेला दिसतो. मूळचा 'ब' पुढे 'प' झाला हे खरं, पण मूळ भाषेत 'ब'नं सुरू होणारे शब्द नावालाच होते. त्यामुळे या कुळातला जो जुना शब्द 'प'नं सुरू होतो, तो बाहेरून आला असावा असा संशय भाषाभ्यासक आधी घेतात. 'प्लाउ' या संशयातून आजवर सुटलेला नाही. तो कोणाकडून आला यावर एकमत नाही.

त्याच्या पावलांचे ठसे मात्र सापडतात. इ. स. ७७ च्या सुमारास रोमन लेखक प्लिनी यानं आपल्या निसर्गविषयक प्रचंड ग्रंथात नांगरांचे प्रकार सांगितले. आल्प्स पर्वताच्या उत्तरेकडे, रेशिया प्रांतात, नांगराला दोन चाकं जोडण्याची नवी युक्ती निघाली आहे, असं तो लिहितो आणि त्याचं स्थानिक नाव देतो: 'प्लाउमोराती'. नकला करणाऱ्यांच्या हातून हा शब्द बिघडला असावा, तरी त्याच्या सुरुवातीचा 'प्लाउ' कान टवकारायला लावतो. पुढे ६४३ मध्ये इटलीतल्या लोंबार्ड राजा रोथारी यानं पाविया इथे आपल्या लोकांचे कायदे लॅटिनमध्ये लिहवून घेतले. दुसऱ्याच्या नांगराची नासधूस केली तर काय दंड, हे त्यात आहे. तिथे 'प्लोवुम' हा शब्द येतो आणि त्याच्याच शेजारी नांगराचा जुना लॅटिन शब्द 'अरात्रुम'ही लिहिलेला आहे. कायदा लिहिणाऱ्याला दोन्ही नावं घ्यावीशी वाटली, कारण शेतात दोन तऱ्हेची औतं चालत असावीत.

हा फरक खरा होता. भूमध्य समुद्राकाठचा नांगर हलका. तो माती ओरखडतो आणि दोन्हीकडे सारतो. भुसभुशीत, कोरड्या जमिनीला एवढं पुरे. उत्तर युरोपातली चिकण माती ओली आणि जड. तिथे पुढे उभी लोखंडी सुरी लागते, ती गवताची मुळं कापते. तिच्यामागून फाळ आडवा शिरतो आणि त्यामागचं तिरकं फळकूट मातीचा थर एका अंगाला उलटा करतो. असा नांगर ओढायला पुष्कळ बैल हवेत. स्वीडनमध्ये हा भेद शब्दांतही टिकला. हलक्या नांगराला 'ओर्दर' आणि माती उलटणाऱ्या जड नांगराला 'प्लोग', अशी दोन नावं तिथे आजही आहेत. या 'प्लोग'चं जुनं रूप 'प्लोग्र' घेऊन डेनिश माणसं इंग्लंडात आली.

तेव्हा मनात सहज येतं की डेनिश लोकांनी जड नांगर आणला, त्याच्याबरोबर त्याचं नाव आलं आणि हलक्या नांगराचं नाव मागे पडलं. १९६२ मध्ये अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी जड नांगरामुळे मध्ययुगीन युरोपाचा समाजच बदलला असं हिरिरीनं मांडलं. त्यानंतर नांगराच्या नावातून नांगराचा इतिहास वाचण्याला आणखी जोर आला. पण जमिनीनं वेगळी साक्ष दिली. २०१० मध्ये केंट परगण्यातल्या लिमिंज या गावी रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांना उत्खननात एक मोठी लोखंडी सुरी सापडली. ती जड नांगराच्या फाळापुढे बसवायची, आणि ती सातव्या शतकातली आहे. म्हणजे हाफडाननं जमीन वाटली त्याच्या दोनशे वर्षं आधी इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात जड नांगर चालत होता आणि तो हाकणारी माणसं त्याला सुल्हच म्हणत होती.

एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये जपलेल्या जुन्या इंग्रजी कवितांच्या हस्तलिखितात नांगराचं एक कोडं आहे. त्यात नांगर स्वतःच बोलतो. नाक खाली घालून आपण चालतो, असं तो सांगतो. आपल्या एका बाजूला हिरवं असतं आणि दुसऱ्या बाजूला आपला काळा माग पडतो, असंही सांगतो. माती उलटणाऱ्या नांगराचं याहून नेमकं वर्णन सापडणं कठीण. हा नांगरही सुल्हच.

अवजार आधीपासून होतं. बदललं ते फक्त नाव. मग नाव बदलायचं कारण अवजारात नाही, दुसरीकडे शोधायला हवं. मला ते मोजणीच्या दप्तरात दिसतं.

जुन्या इंग्रजीच्या अखेरच्या टप्प्यात 'प्लोह' हा शब्द पहिल्यांदा भेटतो, तेव्हा तो अवजाराचं नाव म्हणून येत नाही. तो येतो जमिनीचं माप म्हणून: एका नांगराची जमीन. आपल्याकडे 'दोन औतांची शेती' म्हणतात तसंच. केंटमध्ये याच जातीचं माप सुल्हवरून होतं, 'सुलुंग'. उत्तरेकडे आणि पूर्वेकडे, जिथे डेनिश कायदा चालत असे त्या मुलखात, जमीन मोजायची ती डेनिश नावानं. वाटणी झाली, सारा ठरला, बांधांवरून भांडणं झाली, पंचायत बसली, आणि दर वेळी तोंडात आला तो प्लोग. इंग्रजीतला 'लॉ', म्हणजे कायदा, हा शब्दही त्याच लोकांकडून आला हे इथे लक्षात ठेवावं. जमिनीच्या व्यवहाराची भाषा एकदा बदलली की औताचं नाव किती दिवस वेगळं राहील?

शिवाय हे लोक वर किल्ल्यात बसून राज्य करणारे नव्हते. त्यांच्या गावांच्या नावांचा शेवट 'बी'नं होतो, डर्बी, व्हिट्बी असा, आणि अशी गावं त्या भागात शेकड्यांनी आहेत. ते शेजारी झाले, त्यांच्या घरांत सोयरिकी झाल्या. इंग्रजीत नवऱ्याला 'हजबंड' म्हणतात तो शब्द त्यांचा. अंड्याचं 'एग' त्यांचं, सुरीचं 'नाइफ'ही त्यांचंच. जिंकणाऱ्याची भाषा दरबारात येते तेव्हा ती वरच्या वर राहते. इथे ती चुलीपाशी आणि गोठ्यात आली होती.

१०८५ च्या नाताळात विल्यम राजानं ग्लॉस्टर इथे साऱ्या इंग्लंडची मोजदाद करायचा हुकूम काढला आणि दुसऱ्या वर्षी 'डूम्सडे बुक' तयार झालं. कारकुनांनी गावोगाव एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: नांगर किती? आजच्या अभ्यासकांनी त्या नोंदींची बेरीज केली तेव्हा नांगरांचे संच सुमारे ८१ हजार भरले. एका संचाला आठ बैल धरलेले होते. काळ्या रानात आठ बैली नांगर पाहिलेल्या जुन्या माणसांना हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. डेनिश मुलखातलं माप लॅटिनमध्ये 'कारुकाता' असं नोंदलं गेलं आणि त्याचा आठवा हिस्सा म्हणजे 'बोवाता', एका बैलाच्या वाट्याची जमीन. केंटमध्ये मात्र कारकुनांना सुलुंगच लिहावा लागला. सुल्ह त्या सरकारी वहीत एका कोपऱ्यात तग धरून बसला.

पुढच्या दोनशे-अडीचशे वर्षांत प्लाउ उत्तरेकडून खाली सरकत सगळ्या देशाचा झाला. गंमत अशी की नांगराचं नाव गेलं, पण त्याच्या भोवतालचं जवळजवळ सगळं जुनंच राहिलं. फाळाला 'शेअर' म्हणतात, तो जुन्या 'कापणं' या क्रियापदातून आलेला. सुरीचा 'कोल्टर' त्याच्याही आधी लॅटिनमधून येऊन घरचा झालेला. बैल तेच, 'ऑक्स'. जू तेच, 'योक', आणि हा योक म्हणजे संस्कृत 'युग'चा थेट भाऊ, ज्यातून आपलं जू आलं. तास तोच, फरो. 'एरियन' हे क्रियापद मात्र सुल्हपाठोपाठ गेलं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ते नांगरणीच्या अर्थानं अजून सापडतं. नंतरच्या वाचकांना ते कानाच्या 'इअर'सारखं दिसून बुचकळ्यात टाकू लागलं.

यातले दोन शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहेत. एल्फ्रिकचा नांगऱ्या दिवसाला जेवढं नांगरायचा तो 'एकर'. त्याचं जुनं रूप 'एकर'च्या फार जवळचं होतं आणि अर्थ नुसताच 'शेत' असा होता. ऋग्वेदात शेताला 'अज्र' म्हणतात, ते याचंच भावंड. म्हणजे अज्र आपल्याकडे विसरला गेला आणि इंग्रजांच्या मोजणीबरोबर त्याचा लांबचा भाऊ एकर होऊन महाराष्ट्रात आला. दुसरा शब्द 'फर्लांग'. त्याचा अर्थ 'तासाची लांबी', बैल एका दमात ओढतील तेवढा तास. २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद असा पट्टा म्हणजे एक एकर, ४,८४० चौरस यार्ड, आणि आपले चाळीस गुंठेही नेमके तेवढेच. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, पण बांधावर बोलणं एकर-गुंठ्यातच होतं. बैलांच्या दमावर ठरलेलं माप असं चिवट असतं.

आपल्या 'नांगर' या शब्दाची कथाही प्लाउसारखीच आहे. तो संस्कृत 'लाङ्गल'मधून आला आणि लाङ्गल ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातल्या शेतीच्या सूक्तात आहे. पण अनेक भाषाभ्यासकांच्या मते संस्कृतनं तो इथल्या मुंडा कुळातल्या लोकांच्या भाषांकडून घेतला असावा. कंबोडियाच्या ख्मेर भाषेतला नांगराचा शब्द 'अंगाल' त्याच्याशी जुळतो. शेत नांगरणाऱ्या शेजाऱ्याकडून शब्द घेणं इथेही घडलं, फार आधी. त्यानंतर मात्र नांगरानं आपलं नाव सोडलं नाही. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात माती उलटणारा लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमिनीत विष भिनेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटली, खप व्हायला वेळ लागला, पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर घरोघर गेला. लाकडाचं लोखंड झालं, ओरखडणारा फाळ माती उलटवू लागला, पण त्याला कोणी नवं नाव दिलं नाही. लोखंडी नांगर एवढंच म्हटलं. गावात शेजारी बदलले नव्हते, मोजणीची भाषा बदलली नव्हती, औतच तेवढं बदललं होतं.

आणि सुल्ह? तो पुरता मेला नव्हता. डेनिश वस्ती जिथे पोचली नाही, त्या नैऋत्य इंग्लंडात, सॉमरसेट-डॉर्सेटकडे, तो बोलीत राहिला. तिकडे शब्दारंभीचा 'स' 'झ' होतो, त्यामुळे सुल्हचा 'झल' झाला. एकोणिसाव्या शतकात बोलीचे कोश करणाऱ्यांनी तो टिपून ठेवला. डॉर्सेटचा कवी आणि भाषाभ्यासक विल्यम बार्न्स यानं आपल्या परगण्याच्या शब्दांत त्याची नोंद केली. याच मुलखात 'प्लाउ' हा शब्दही पोचला होता, पण लोकांनी त्याला नांगराच्या जागी बसू दिलं नाही. त्यांच्याकडे प्लाउ म्हणजे औताला किंवा गाडीला जुंपलेली जनावरं.

एल्फ्रिकनं मुलांना जिथे लॅटिन शिकवलं, ते सर्न याच डॉर्सेटमध्ये. त्याच्या नांगऱ्यानंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी त्याच टेकड्यांवर एखादा म्हातारा आपला प्लाउ घेऊन रानात जात असे आणि तो झलला जुंपत असे.